सिरोंचाचा रस्ता आणि मला न झालेला आजार

सगळ्यात आधी हे लिहून टाकते : मला कधीही कॅन्सर झालेला नाही. तोंडाचा नाही, कुठलाच नाही. ब्रह्मपुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते, वय एक्केचाळीस, रक्तदाब चांगला, दात सगळे जागेवर. प्रवासाची हकीकत अशी सुरू करावी लागते याचा मला अजून राग आहे. पण गेल्या उन्हाळ्यात बल्लारपूर ते सिरोंचा या रस्त्यावर मला एकचाकी सायकलवरून जाताना ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातले बरेच जण आजही समजत असतील की ती बाई मरणातून उठलेली होती. हे त्यांच्यासाठी.

हा पराक्रम माझ्या मावसभावाचा. विलासदादा नागपूरला असतो, लग्नांचे व्हिडिओ काढतो. मी सहा वर्षं कॉलेजच्या मैदानावर, मग गावाबाहेरच्या धानाच्या बांध्यांमधून एकचाकी चालवत होते. एक लांबचा प्रवास करायचा असं ठरवलं, तेव्हा सामान वाहायला कोणीतरी हवं होतं. तो म्हणाला, "मी येतो मोटरसायकल घेऊन. तू चालव, मी पुढं जाऊन मुक्कामाचं पाहतो. दोनचार रीलही होतील." मी हो म्हटलं. ती माझी चूक, आणि तिचा दोष मी कोणावर ढकलत नाही.

बल्लारपूर ते गोंडपिपरी

निघालो बल्लारपूरहून, माझ्या माहेरून. बाबा कागद कारखान्यात नोकरीला होते, आता घरी असतात. दारात उभं राहून त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "पडली त हात टेकवू नको. मनगट जाते." एवढाच निरोप. आईनं डबा दिला. शेजारच्या काकूंनी जयभीम केला आणि लगेच विचारलं, "पण कायले चालली वो?" या प्रश्नाचं उत्तर मला सहा वर्षांत कोणालाही पटेल असं देता आलेलं नाही. मला आवडतं. या दोन शब्दांवर कोणाचं समाधान होत नाही. बाईमाणसानं काही करायचं तर त्यामागे नवस हवा, दुःख हवं, नाहीतर बक्षीस तरी हवं.

माझी सायकल म्हणजे एक छत्तीस इंची चाक, त्यावर सीट आणि दोन पायडल. चेन नाही, हँडल नाही, सीटच्या पुढे धरायला एक मूठ. पायडल थेट चाकाला जोडलेले असल्यामुळे चाक फिरतं तोवर पाय फिरतात; उतारावरसुद्धा विसावा नाही. आणि तिचा खरा वैरी चढ नव्हे, वारा. समोरचा वारा नुसता छळतो, पण बाजूचा वारा फसवतो. तो डावीकडून रेटतो म्हणून तुम्ही अंग डावीकडे टाकता, त्याच्यावर रेलूनच चालवत राहता, आणि एखाद्या झाडांच्या रांगेमागे तो एकदम थांबतो. ज्याच्यावर रेललात तोच निघून गेला. मग रस्ता.

कोठारीपर्यंत वाऱ्यानं बरं चालू दिलं. पुढे दुपार चढली तशी गरम झुळूक वाढत गेली आणि ट्रक सुरू झाले. मोठा ट्रक जवळून गेला की आधी बाहेर ढकलतो आणि शेपटी निघून जाताना आत ओढतो. पहिल्या दिवशी मी सात वेळा खाली आले. पाच वेळा पायावर, दोन वेळा गुडघ्यावर. एका ट्रकचा क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन "सर्कस! सर्कस!" ओरडत गेला. मी रस्त्याच्या कडेला बसून गुडघ्यातली गिट्टी काढत होते. त्या क्षणी माझ्या हातात दगड होता हे खरं आहे, आणि मी तो मारला नाही तो केवळ नेम चांगला नाही म्हणून.

गोंडपिपरीच्या अलीकडे एका टपरीवर थांबले. चहावालीनं मला पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. जवळ येऊन माझ्या गालाला हात लावला. "लय हिंमत आहे बाई तुयी," म्हणाली. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, गुडघा पाहून असेल. टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं खर्र्याची पन्नी पाठीमागे लपवली, जशी मुलं मास्तरांपासून लपवतात. मला गंमत वाटली. विलासदादा अर्ध्या तासापूर्वी इथूनच पुढे गेला होता.

आष्टी, आलापल्ली

दुसऱ्या दिवशी वैनगंगेवरचा पूल. त्या पुलाबद्दल मी आधीपासून घाबरून होते. पात्र रुंद, पाणी उन्हाळ्यात एका कडेला सरकलेलं, आणि उघड्या वाळूवरून वारा थेट अंगावर. शहाण्या माणसानं उतरून चालावं. मी चढले. मधोमध एक झोत असा आला की चाक स्वतःहून कठड्याकडे वळलं. मूठ दोन्ही हातांनी दाबून, कंबर पिळून मी ते परत आणलं. मागे एक एस.टी. हॉर्न न वाजवता माझ्या वेगानं येत होती. पूल संपल्यावर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "बाई, मी हॉर्न मारला असता त तुमी खाली गेल्या असत्या." आख्ख्या प्रवासात मला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याला माझं काय चाललं आहे ते कळलं होतं. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

पुढचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी खाल्लेला. डांबराचे तुकडे बेटांसारखे उरलेले आणि मधे लाल धूळ. मी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात होते, आणि ट्रक आला की डोळे मिटून तोल धरत होते. तिथल्या झाडांची पानं लाल झाली होती. रस्त्याला लागून घरं आहेत, त्यांच्या दारातल्या वाळवणावर तीच धूळ. एका बाईनं मोहफुलं वाळत घातली होती, ती उचलून झटकत होती, पुन्हा घालत होती. "दिवसभर हेच काम," ती म्हणाली. माझा त्या दिवशीचा राग माझ्या गुडघ्यापुरता होता. तिचा रोजचा होता, आणि ती माझ्यापेक्षा शांत होती.

आलापल्लीला एका शिक्षकांच्या घरी मुक्काम होता. दिवसभर मी जेवणाचाच विचार करत आले होते. घरात सुकटीचा वास दरवळत होता, वांग्याची झणझणीत भाजी चुलीवर होती. माझ्या ताटात आला मऊ गुरगुट्या भात, बिनमिठाचं वरण आणि उकडलेला दुधी. बाकी सगळे सुकट खात होते.

"तुमच्यासाठी अलग केलं जी," शिक्षकांची बायको म्हणाली. "तिखट चालत नसंल ना."

"मला चालतं," मी म्हटलं.

"नाई, नाई. रिस्क नको." आणि तिनं सुकटीचं भांडं माझ्यापासून लांब सरकवलं.

विलासदादा खाली मान घालून जेवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याला ठसका लागला. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण पाय दुखत होते, आणि दुधी खाऊन आलेल्या रागापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

जंगलातलं गाव

आलापल्लीच्या पुढे जंगल दाट होत जातं आणि वारा खाली उतरत नाही. वर सागाचे शेंडे हलतात, खाली नुसता आवाज. एकचाकीसाठी असा रस्ता म्हणजे सुख. सकाळी सगळी गावं मोह वेचायला झाडांखाली होती. आमच्याकडे अनोळखी बाई दिसली की आडनाव विचारतात, म्हणजे पुढचं सगळं ठरवता येतं. इथे आधी पाण्याचा गडवा समोर येतो. "जोहार," मी म्हणायची. "जोहार," ते म्हणायचे, आणि मी पिऊन होईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही.

दुपारी ज्या गावात थांबायचं होतं तिथे पोचले. विलासदादा आधीच येऊन अंगणात बसला होता, भोवती पंधरावीस माणसं. मला पाहून सगळे उठले. त्यातली एक बाई सरळ माझ्याकडे आली. चाळिशीची, काटक, हाताला मोहाचा चिकटपणा. तिचं नाव जानकाबाई सिडाम. तिनं माझं मनगट धरलं आणि मला घरामागे नेलं, चुलीपाशी बसवलं.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"काय?"

"पाहू द्या. कुठी कापलं होतं?"

"काय कापलं?"

"गाल. कॅन्सरचा." तिनं स्वतःच्या गालावरून बोट ओढलं. "बाहेरून त काही दिसत नाई. आतून कापते का?"

टपरीवाली, लपवलेली पन्नी, दुधी. सगळं एका दमात जागेवर बसलं. कानात गरम वारा शिरावा तसं झालं. मी तोंड उघडायच्या आत जानकाबाई बोलायला लागली होती. तिचा नवरा चिन्ना. गालात आतून फोड आली त्याला सात महिने झाले. आता तोंडात दोनच बोटं जातात. अहेरीच्या डॉक्टरनं नागपूरची चिठ्ठी दिली, ती पत्र्याच्या पेटीत पडून आहे. चिन्ना जात नाही. म्हणतो, कापायला जे जातात ते परत येत नाहीत, मला माझ्या गावात मरू द्या.

"आज तुमच्या भावानं सांगितलं. बाईचा गाल कापला, आन् आता एका चाकावर सिरोंचाले जाऊन राह्यली. त्यानं आयकलं. दोनदा इचारलं, खरं का म्हणून. मंग मले म्हणला, उद्याच्या बसनं जाऊ." तिनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. "सात महिने मी बोलली. पाया पडली. नाई आयकला. तुमचं आयकून तयार झाला."

मला खोटं बोलता आलं नाही. हा माझा मोठेपणा नव्हे. राग इतका होता की तोंडातून दुसरं काही निघालंच नसतं. मी म्हटलं, "जानकाबाई, मला कॅन्सर झालेलाच नाही. तो खोटं बोलला."

तिनं मनगट सोडलं. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणखी कोणाले सांगितलं?"

"कोणालाच नाही. मला आत्ता कळलं."

"मंग गप्प राहा."

"पण..."

"तो बसमधी बसेपर्यंत गप्प राहा. खरं तुमच्यापाशी ठेवा. मले माणूस पाहिजे."

विलासदादाला मी गावाबाहेर, बोडीच्या म्हणजे तिथल्या तळ्याच्या काठावर गाठलं. तिथे आम्ही भांडलो तसे लहानपणीही कधी भांडलो नसू. तो म्हणाला, "अवं, आवडते म्हणून चालवते म्हटलं त कोण पाहते? पह्यल्या रीलले चाळीस माणसं नाई मिळाली. मी कोणाचं काही घेतलं का? लोकांनी प्रेमच केलं ना तुह्यावर?"

"माझ्यावर नाही. तू बनवलेल्या बाईवर."

"आन् तो चिन्नाभाऊ दवाखान्यात जाऊन राह्यला, ते?"

खोटं बोलणाऱ्यापेक्षा, खोटं बोलून ज्याच्या हातून बरं घडतं त्याचा राग जास्त येतो, हे मला त्या काठावर कळलं. मी त्याच्या मोटरसायकलला लाथ मारली. आरसा फुटला. माझा अंगठा सुजला.

सकाळी बसथांब्यावर चिन्ना सिडाम धुतलेला शर्ट घालून उभा होता. उंच माणूस, बोलताना जबडा हलवायचा नाही. हातात कापडी पिशवी. मी गुपचूप निघून जाणार होते, पण त्यानं बोलावलं.

"बाई, कापते तवा दुखते का?"

जानकाबाई त्याच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते डोळे विसरणार नाही. विनवणी नव्हती त्यात. ताकीद होती.

"बेशुद्ध करतात, भाऊ," मी म्हटलं. "तेव्हा काही कळत नाही."

यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि सगळं मिळून खोटं होतं. माझ्या तोंडून ते इतक्या सहज आलं की मला विलासदादाच्या मोटरसायकलला मारलेल्या लाथेतली अर्धी स्वतःला मारावीशी वाटली. चिन्नानं मान हलवली. एस.टी. आली. तो चढला, ती चढली, गाडी आलापल्लीकडे गेली.

सिरोंचा

उरलेला रस्ता मी रागावर चालवला. जंगल विरळ होत गेलं तसा वारा पुन्हा खाली आला, समोरून, प्राणहितेच्या बाजूनं, आणि मला तो हवाच होता. कोणाशी तरी झटायला मिळालं. विलासदादाला मी पुढे जाऊ दिलं नाही. माझ्या मागे, माझ्या वेगानं चाल म्हटलं. मुकाट्यानं आला. वाटेत एका वळणावर रस्ता नुसती खडी झाला तिथे मी तीन तास चालवत, पडत, पुन्हा चढत राहिले. वाटेतल्या एका गावात लोकांनी विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, "आवडतं म्हणून." एक म्हातारी हसली आणि शेजारणीला काहीतरी सांगून दोघी आणखी हसल्या. त्या हसण्यानं मला बरं वाटलं.

सिरोंच्यात बाजारात तेलुगूच जास्त कानावर येतं. मी नदीवर गेले, सायकल वाळूत आडवी केली, पाण्यात पाय सोडले. पलीकडे तेलंगणा. सहा वर्षं जे मनात होतं ते झालं होतं, आणि मला चिन्नाभाऊंच्या कापडी पिशवीशिवाय काही आठवत नव्हतं. विलासदादानं कॅमेरा काढला. मी नुसतं पाहिलं. त्यानं परत ठेवला, आणि तिथेच बसून आधीचे सगळे व्हिडिओ एकेक करून काढून टाकले. मी मोबाईल हातात घेऊन खात्री केली.

नंतर

परत येऊन दीड महिना झाला असेल. जानकाबाईचा फोन आला. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. "बोलाले पाहते तुमच्याशी," ती म्हणाली. मग एक जड, ओला आवाज आला. शब्द लावून घ्यावे लागले.

"बाई... तुमाले... बोलाले किती दिवस लागले?"

तो बसमध्ये बसेपर्यंत गप्प राहायचं ठरलं होतं. तो कधीच बसला होता. आता मी आकडा सांगितला असता तर तो ते दिवस मोजत बसला असता.

"चिन्नाभाऊ, मला झालंच नव्हतं. माझा भाऊ खोटं बोलला. मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

पलीकडे वॉर्डातला आवाज येत राहिला. मग जानकाबाई. "काऊन सांगितलं? तो भिंतीकडं तोंड करून निजला." आणि फोन बंद.

रविवारी मी पहिल्या बसनं नागपूरला गेले. विलासदादाला घरून उठवलं आणि सोबत घेतलं. तो येत नव्हता. मी मावशीसमोर सगळं सांगेन म्हटलं तेव्हा आला. चिन्नाभाऊ पलंगावर टेकून बसले होते, अर्धा चेहरा पट्टीत, नाकात नळी. मी माफी मागितली. त्यांनी हातानं थांबवलं. मग विलासदादाकडे पाहिलं. त्याची मान खाली जात जात छातीला लागली.

"मी चांगल्यासाठीच..." तो सुरू झाला.

चिन्नाभाऊ एकेक शब्द उचलून ठेवावा तसे बोलले. "तू माह्यासाठी खोटं नाई बोलला. तुह्यासाठी बोलला. मी मधी आलो."

बोडीच्या काठावर मला जे उत्तर सापडलं नव्हतं, ते हे होतं.

जानकाबाईनं खाटेखालून रिकामा डबा काढला आणि विलासदादाच्या हातात दिला. "उद्या पातळ पेज आणा. गाळून. सुट्टी होईपर्यंत रोज आणा." विचारलं नाही, सांगितलं. आणि तो आणत राहिला. पहिल्या दिवशीची पेज नळीतून उतरेना, तेव्हा त्यानं माझ्या आईला फोन करून किती पाणी टाकायचं ते विचारलं. हे मला आईकडून कळलं, कारण मी त्याच्याशी अजून बोलत नाही.

चिन्नाभाऊ आता गावी आहेत. पुढचे उपचार चालू आहेत; डॉक्टर म्हणतात, अजून पाहावं लागेल. बोलणं बरंच सुटलं आहे. परवा त्यांचा फोन आला होता. मोहाची झाडं यंदा लवकर फुलली म्हणाले. मग म्हणाले, "ते चाक घेऊन पुन्हा येता का इकडं?"

"येईन," मी म्हटलं.

"या. पण एकट्या या."